आठवडी बाजारातील पालांविषयी विदर्भातील ग्रामपंचायती आणि नगरपरिषदांना खुले पत्र

प्रति,
सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, नगराध्यक्ष, मुख्याधिकारी आणि नगर पथविक्रेता समित्यांचे सदस्य,
आठवडी बाजार भरवणाऱ्या विदर्भातील सर्व ग्रामपंचायती व नगरपरिषदा

विषय : उघड्यावर बसणाऱ्या विक्रेत्यांसाठी वाहून नेता येणारी, उन्हाप्रमाणे उंची बदलता येणारी पाले (सावलीसाठी कापडाची छपरे) आणि ती बांधण्यासाठी बाजाराच्या जमिनीत लोखंडी कड्या

सविनय नमस्कार.

माझी आई सव्वीस वर्षे आठवडी बाजारांत भाजी विकत होती. आठवड्यातले चार दिवस चार वेगवेगळ्या गावांत तिचे दुकान लागत असे, आणि त्या दुकानाचा सगळा संसार म्हणजे दोन पाट्या, एक तराजू, गोणपाटाचे तळवट, पाण्याची कळशी आणि एक मोठी छत्री. शाळेला सुट्टी असली की मीही तिच्यासोबत जात असे. आज मी एका तंत्रनिकेतनात यंत्ररेखन आणि कार्यशाळा हे विषय शिकवते. गेल्या काही उन्हाळ्यांत मी आणि माझ्या विद्यार्थ्यांनी बाजारात बसणाऱ्या बायांसाठी पालाचे काही नमुने करून पाहिले, काही फसले, काही टिकले. त्यातून जे कळले ते आपल्यापुढे ठेवणे मला माझे कर्तव्य वाटते, कारण बाजाराची जागा आपल्या ताब्यात आहे आणि त्या जागेत काय बांधायचे हे आपण ठरवता.

विदर्भात आठवडी बाजार ही केवळ खरेदी-विक्रीची सोय नाही. नागपुरातल्या इतवारी, मंगळवारी, बुधवारी ह्या वस्त्यांची नावेच बाजाराच्या वारांनी पाडलेली आहेत. गावोगावचा बाजार साधारणपणे दुपारी भरतो आणि दिवेलागणीला मोडतो. म्हणजे विक्रेत्याची मुख्य वेळ दुपारी बारा ते संध्याकाळी सहा ही असते, आणि एप्रिल-मे महिन्यांत उन्हाचा कडाकाही नेमका ह्याच वेळात असतो. हे लक्षात घेऊन सावलीचा विचार करायला हवा होता, पण आपल्याकडे सावलीचा विचार बारा वाजताच्या सूर्यावर थांबतो.

मे महिन्याच्या अखेरीस, साधारण २६ तारखेला, नागपूरवर मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली काही क्षण पायाशी नाहीशी होते. त्या वेळी सात फूट उंचीच्या छत्रीखाली बसलेली बाई पूर्णपणे सावलीत असते. दुपारी दोन वाजता त्याच छत्रीची सावली सव्वातीन फूट पूर्वेला सरकलेली असते. चार वाजता सूर्य पश्चिमेला, क्षितिजापासून जेमतेम ३७ अंशांवर असतो आणि सात फुटांवरच्या छताची सावली जमिनीवर नऊ फुटांहून अधिक अंतरावर जाऊन पडते. पाच वाजता हे अंतर सोळा फुटांवर जाते. बाजारातल्या छत्रीचा व्यास सहा-सात फूट असतो. म्हणजे चार वाजता ती छत्री विक्रेतीच्या डोक्यावर असते आणि तिची सावली समोरच्या वाटेत पडलेली असते. आईला ह्या हिशेबाची गरज नव्हती. तीन वाजले की ती छत्रीचा दांडा तिरपा करून दगडाने अडवायची आणि तरीही ऊन तोंडावर आले की पदर पुढे ओढून बसायची. तिचा चेहरा डाव्या बाजूने अधिक काळवंडलेला होता, कारण तिची नेहमीची जागा अशी होती की पश्चिम तिच्या डाव्या हाताला येई. हे माझ्या लक्षात यायला मला अभियांत्रिकी शिकावी लागली, ह्याची खंत मला आजही आहे.

आता आपण बांधलेल्या ओट्यांविषयी. अनेक गावांनी बाजारात सिमेंटचे ओटे आणि त्यांवर लोखंडी खांबांची, पत्र्याची शेड बांधली आहेत. त्यामागचा हेतू चांगला आहे आणि पावसाळ्यात त्यांचा उपयोगही होतो. परंतु उन्हाळ्यात दुपारी ओट्याची एक बाजू रिकामी पडते आणि विक्रेते खाली जमिनीवर पसरतात, तेव्हा 'ह्यांना सोयी करून दिल्या तरी वापरता येत नाहीत' असे बोलले जाते. मी हे बैठकीत माझ्या कानांनी ऐकले आहे, म्हणून त्याचे कारण स्पष्टपणे मांडते. शेडचा पत्रा चौदा फुटांवर असतो. ओट्यावर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर येते. चार वाजताच्या सूर्याचा कोन धरला तर पश्चिमेच्या कडेपासून आत बारा फुटांपर्यंत बसलेल्या प्रत्येकाच्या डोक्यावर थेट ऊन येते. वीस फूट रुंदीच्या शेडमध्ये अर्ध्याहून अधिक जागा अशा रीतीने निरुपयोगी होते. उरलेल्या जागेत तापलेला पत्रा वरून उष्णता फेकत असतो. छत जितके उंच तितकी हवा खेळती हे खरे, पण छत जितके उंच तितकी त्याची सावली दूर पळते हेही तितकेच खरे, आणि पश्चिमेला आडोसा नसेल तर दुसरी गोष्ट पहिलीवर मात करते.

ह्या ठिकाणी तापमानाच्या आकड्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. चंद्रपूर किंवा नागपूर येथे ४५ अंशांची नोंद झाली असे आपण वर्तमानपत्रात वाचतो, तेव्हा तो आकडा पांढऱ्या रंगाच्या, झरोक्यांच्या लाकडी पेटीत ठेवलेल्या तापमापकाचा असतो. तो सावलीतला आकडा आहे. उघड्यावर बसलेल्या माणसाच्या अंगावर ह्या तापलेल्या हवेशिवाय थेट सूर्याची आणि जमिनीवरून परत येणारी उष्णताही पडत असते. शरीराजवळ ती बाहेर टाकण्याचा घाम हा एकच मोठा मार्ग उरतो, आणि बाजारात बसलेल्या बाया लघवीला जाण्याची सोय नसल्यामुळे पाणी मुद्दाम कमी पितात. खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी उघड्या मैदानावर झालेल्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसे दगावली, त्यानंतर दुपारच्या वेळी उघड्यावर कार्यक्रम घेण्याविषयी राज्यभर चर्चा झाली. आठवडी बाजार हा दर आठवड्याला, दर गावात, दुपारीच भरणारा कार्यक्रम आहे. त्याची वेळ बदलणे सोपे नाही, कारण मजुरी आटोपून आलेल्या गिऱ्हाइकावर तो चालतो. म्हणून सावली बदलावी लागेल.

आम्ही जो नमुना अखेर पक्का केला तो आठ फूट लांब आणि सहा फूट रुंद जागेसाठी आहे. त्याची मूळ कल्पना एकपाखी छपराची आहे आणि ती नवी नाही. गोठ्याला, पडवीला आपल्याकडे असेच छप्पर घालतात. नवीन एवढेच की ह्या छपराची कोणतीही बाजू वर-खाली करता येते. चारही पाय एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचे आहेत. आतल्या नळीला दर सहा इंचांवर भोक आहे, त्यात पिन अडकवली की हवी ती उंची पक्की होते. बारा वाजता छप्पर जवळजवळ सपाट ठेवावे. दोननंतर पश्चिमेचे दोन पाय चार फुटांपर्यंत खाली घ्यावेत आणि पूर्वेचे सात फुटांवर राहू द्यावेत. पश्चिमेच्या कडेपासून दोन फूट आत बसलेल्या बाईच्या डोक्यावर मग चार वाजेपर्यंत ऊन येत नाही, आणि समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला वाकावेही लागत नाही. चारनंतर पश्चिमेच्या कडेवरून कनात खाली सोडली की संध्याकाळपर्यंत तिचे आणि मालाचेही काम भागते. सकाळी लवकर भरणाऱ्या बाजारात हेच उलट करावे, म्हणजे पूर्वेची बाजू खाली.

छप्पर तिरपे केले की आढ्याच्या काठ्यांची लांबी कमी पडते, ही अडचण आम्हाला पहिल्याच दिवशी आली. सहा फुटांच्या रुंदीवर तीन फुटांचा उतार दिला तर तिरपी लांबी पावणेसात फूट होते. विद्यार्थ्यांनी आधी तिथेही सरकत्या नळ्या घातल्या, त्यामुळे वजन वाढले आणि सांधे बिघडू लागले. बाजारात शेजारी दुकान लावणाऱ्या एका बुरूड काकांनी तो प्रश्न सोडवला. काठी साडेसात फुटांचीच घ्या, पायाच्या माथ्यावरच्या कडीतून ती सरकू द्या, छप्पर सपाट असताना जास्तीचे टोक वळचणीसारखे बाहेर राहील, असे त्यांनी सांगितले. तेव्हापासून आढ्याला आम्ही बांबू वापरतो. आपल्याकडचा भरीव मानवेल बांबू ह्या कामाला उत्तम आहे. पंचवीस मिलिमीटर जाडीच्या पोलादी नळीचे वजन मीटरला सुमारे सातशे ग्रॅम भरते, तेवढ्याच जाडीच्या वाळलेल्या भरीव बांबूचे त्याच्या निम्मे. संपूर्ण पोलादी सांगाडा तेरा किलोंपर्यंत जात होता. पाय पोलादी आणि आढे बांबूचे केल्यावर तो दहा किलोंच्या आसपास आला. बांबूला भुंगा लागू नये म्हणून तो बोरिक आम्ल आणि बोरॅक्स यांच्या द्रावणात भिजवून घ्यावा लागतो. चंद्रपूर जिल्ह्यात चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळे ह्या विषयातले मार्गदर्शन मिळवायला आपल्याला फार लांब जावे लागणार नाही.

वजनाविषयी मी आग्रही आहे, कारण ज्या वस्तूला उचलायला दोन माणसे लागतात ती वस्तू बाजारातल्या एकट्या बाईच्या कामाची नाही. ती पहाटे माल घेते, मालवाहू ऑटोत किंवा एसटीत चढते, कडेवर मूल असते, आणि उतरल्यावर पहिल्या अर्ध्या तासात दुकान लागले नाही तर जागा जाते. म्हणून पाय दुमडल्यावर चार फुटांहून लांब नसावेत. बांबू मात्र तेवढे दुमडत नाहीत, ते ऑटोच्या टपावर बांधावे लागतात, आणि ही ह्या नमुन्याची उणीव आहे. मधोमध लोखंडी बोंडीने जोडलेला दोन तुकड्यांचा बांबू आम्ही आता वापरून पाहत आहोत. सुटे नट-बोल्ट अजिबात नसावेत, ते तिसऱ्या बाजाराला हरवतात. प्रत्येक पिन साखळीने पायालाच बांधलेली असावी. आणि पिनचे डोके असे असावे की भाजीच्या चिखलाने माखलेल्या, ओल्या बोटांनी ते ओढता यावे. आमच्या पहिल्या पिना सुबक होत्या, पण एका आजींना त्या निघेनात, तेव्हा त्यांनी खिळे मागितले. त्यांचे बरोबर होते. आता आम्ही बोटभर कडीच्या पिना करतो.

वाऱ्याच्या बाबतीत मात्र आमची मोठी चूक झाली. मे महिन्यातल्या एका बाजारात दुपारी साडेतीनच्या सुमारास आभाळ भरून आले, वळवाचा वारा सुटला आणि आमचे पाल मेखांसकट उपटून शेजारच्या टोमॅटोच्या क्रेटवर जाऊन पडले. कोणाला इजा झाली नाही, हे नशीब. त्या विक्रेत्याचे नुकसान आम्ही भरून दिले, पण तो रागाने जे बोलला ते मी विसरलेली नाही : सावली द्यायला आलात की दुकान मोडायला? हिशेब आम्ही नंतर केला, जो आधी करायला हवा होता. ताशी ५० किलोमीटर वेगाचा वारा सरळ अंगावर घेणाऱ्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला बारा किलोंच्या जवळपास दाब देतो. आमचे कापड साडेचार चौरस मीटरचे होते. म्हणजे त्याच्यावर पन्नासहून अधिक किलोंचा भार आला. वाऱ्याचा वेग ताशी ७० किलोमीटर झाला तर हा भार दुप्पट होतो, कारण दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. दहा किलोंचा सांगाडा ह्यापुढे काय टिकणार? वजन कमी हवे आणि वाऱ्यात टिकलेही पाहिजे, ह्या दोन मागण्या सांगाड्याच्या आत एकमेकींशी जुळत नाहीत. त्यांची सांगड जमिनीतच घालावी लागते.

आणि इथेच हा प्रश्न विक्रेतीच्या हातून निसटून आपल्या हातात येतो. आपल्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात लोण्यासारखी होते; दोन्ही ऋतूंत मेख धरत नाही. जिथे बाजाराच्या जागेत पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट घातले आहे तिथे मेख ठोकताच येत नाही, ठोकली तर दंड होतो. म्हणून विक्रेते तणावे शेजारच्या खांबाला, विजेच्या पोलला, झाडाला, नाहीतर एकमेकांच्या पालाला बांधतात. आडव्यातिडव्या दोऱ्यांत येणारी-जाणारी माणसे अडखळतात आणि एक पाल उडाले की चार उडतात. विजेच्या पोलला ओले दोर बांधण्यातला धोका मी वेगळा सांगायला नको.

माझी मुख्य मागणी ह्यावरच्या उपायाची आहे आणि ती खर्चाच्या दृष्टीने लहान आहे. बाजाराच्या जागेत आखणी करून दर आठ फूट बाय सहा फूट जागेच्या कोपऱ्यांवर जमिनीत लोखंडी कड्या पक्क्या बसवाव्यात. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल असा काँक्रीटचा ठोकळा सुमारे ६८ किलोंचा भरतो, शिवाय भोवतालची माती त्याला धरून ठेवते. त्यात वाकवलेली सळई ओतून बसवली की ती कडी तयार होते. शेजारशेजारच्या दोन दुकानांना मधल्या कड्या सामायिक वापरता येतात, म्हणून एका ओळीत कड्यांची संख्या वाटते तितकी होत नाही. कडी जमिनीच्या पातळीखाली, लहानशा खोलगट वाटीत असावी, म्हणजे बाजार नसलेल्या दिवशी त्या मैदानावर खेळणाऱ्या मुलांच्या पायाला ती लागणार नाही. वाटीला तळाशी पाणी झिरपण्यासाठी भोक ठेवावे. पालाचा पाय थेट ह्या कडीला बांधला की वाटेत येणारे तणावे लागतच नाहीत. आमचे नमुने एका ठिकाणी अशा कड्यांवर दोन उन्हाळे उभे राहिले आहेत. त्या काळात वळवाचा वारा अनेकदा आला, कापड तीनदा सुटले, सांगाडा एकदाही हलला नाही.

कापड सुटले, हे मी दोष म्हणून सांगत नाही. ते तसेच ठरवले आहे. कापड सांगाड्याला सुतळीने बांधावे, नायलॉनच्या दोरीने नाही. सुतळी आधी तुटावी, कापड एका कडेने फडफडावे आणि वाऱ्याला वाट मिळावी. कापड मजबूत आणि बांधणीही मजबूत असेल तर भार पायांवर येतो, आणि वाकलेला पाय बाजाराच्या दिवशी सरळ करता येत नाही.

कापडाच्या निवडीत आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला आणि तिथे विक्रेत्या बायांनी आम्हाला सर्वांत जास्त शिकवले. निळी ताडपत्री सगळीकडे मिळते, पाणी अडवते, पण उन्हात तापून ती खालच्या माणसावर उष्णता सोडते, आणि छप्पर खाली आणले की ते आणखी जाणवते. बायांची तक्रार मात्र वेगळीच होती. निळ्या उजेडात टोमॅटो आणि वांगी शिळी दिसतात, गिऱ्हाईक हातात घेऊन ठेवून देते. हिरव्या शेडनेटखाली पालक, मेथी छान दिसते, पण कांदा आजारी दिसतो. म्हणून उन्हाळ्यासाठी आम्ही पांढऱ्या रंगाची, तीन-चतुर्थांश ऊन अडवणारी जाळी घेतो आणि तिच्याखाली सहा इंचांचे अंतर सोडून जाडे मांजरपाट लावतो. वरच्या थराने अडवलेली उष्णता मधल्या फटीतून, उताराच्या वरच्या कडेने, निघून जाते. जाळीतून वारा आरपार जात असल्याने वरच्या थरावर वाऱ्याचा भारही कमी येतो. पावसाळा सुरू झाला की जाळी काढून तिच्या जागी फिकट रंगाची ताडपत्री घालावी आणि उतार कमी होऊ देऊ नये, कारण छतावर साचलेले एक सेंटीमीटर पाणीही दर चौरस मीटरला दहा किलो वजन टाकते. पावसाळ्यातला वारा आपल्याकडे मुख्यतः पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून उन्हाळ्यात ऊन अडवणारी तीच पश्चिमेची खालची कड पावसाळ्यात तिरकी झड अडवते. दोन ऋतूंची गरज एकाच बाजूला यावी ही आपल्या भागाला लाभलेली मोठी सोय आहे.

पश्चिमेच्या कनातीसाठी गोणपाटासारखे दुसरे काही नाही. पालेभाज्यांवर पाणी शिंपडणे हे भाजीवालीचे दिवसभराचे काम असते. तेच पाणी दोन ओंजळी कनातीवर मारले की पश्चिमेच्या कोरड्या वाऱ्याने ते वाळताना आतली हवा जाणवण्याइतकी थंड होते. घरोघरच्या वाळ्याच्या ताट्यांचे आणि कूलरचे तत्त्व हेच आहे, आणि मे महिन्यातली विदर्भाची हवा कोरडी असल्यामुळेच ते इथे चालते. कोकणात त्याचा उपयोग होणार नाही. ज्या बाजारात प्यायच्या पाण्याचीच मारामार आहे तिथे हे सुचवायला मला संकोच वाटतो. तिथे आधी पाणी द्यावे.

बाजाराची आखणी करताना ओळी दक्षिणोत्तर असाव्यात, अशी माझी विनंती आहे. अशा ओळीत पूर्वेकडे तोंड करून बसणाऱ्याच्या पाठीशी पश्चिम येते, कनात मागे लागते आणि गिऱ्हाइकाची वाट मोकळी राहते. समोरच्या ओळीतल्या, पश्चिमेकडे तोंड असलेल्या दुकानांची अडचण मात्र खरी आहे, कारण त्यांनी कनात लावायची ती समोरच, म्हणजे दुकान झाकून. मधली वाट आठ फुटांहून रुंद नसेल तर चारनंतर पश्चिमेला पाठ असलेल्या ओळीच्या पालांची सावली वाटेवर आणि पाचच्या सुमारास समोरच्या दुकानांवरही पडू लागते. त्या मधल्या तासाभराचे उत्तर आमच्याकडे अजून नाही. शक्य असेल तिथे पश्चिमेकडे तोंड करणाऱ्या जागा कांदे, बटाटे, भांडी, चपला अशा न कोमेजणाऱ्या मालासाठी द्याव्यात आणि तिथल्या विक्रेत्यांना बाजारकरात सवलत द्यावी. रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाडीसाठी मधोमध एक रुंद रस्ता सोडावाच लागेल, त्याबाबत तडजोड नको.

पथविक्रेता अधिनियम २०१४ मध्ये आला. त्यानुसार शहरांतील नगर पथविक्रेता समितीवर किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले विक्रेतेच असायला हवेत आणि त्यांत एक-तृतीयांश स्त्रिया असायला हव्यात. नगरपरिषदांनी पालांचा निर्णय ह्या समितीतून घ्यावा आणि त्या स्त्रियांना आधी विचारावे. हा कायदा शहरांपुरता आहे. गावच्या बाजारात अशी समिती नाही, तिथे सगळा भार ग्रामसभेवर आणि आपल्या समंजसपणावर आहे. बाजाराचा लिलाव घेणारा ठेकेदार दर दुकानामागे पावती फाडतो, परंतु त्या पावतीच्या बदल्यात विक्रेत्याला काय मिळते हे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले नसते. लिलावाच्या अटींतच एक ओळ घालता येईल : बाजारकर घेतलेल्या प्रत्येक जागेला चार कोपऱ्यांवर पक्की कडी असेल. पाल बांधण्यासाठी वेगळे पैसे घेतले जाणार नाहीत, हेही तिथेच लिहावे; काही ठिकाणी ते घेतले जातात, हे आपल्याला माहीत असेल.

सांगाडे कोणी घ्यावेत ह्याविषयी माझे मत मी सांगते, आपले वेगळे असू शकेल. चार गावे फिरणाऱ्या बाईकडे तिचे स्वतःचे पाल असावे, कारण ते तिच्यासोबत फिरते आणि ती ते जपते. महिन्यातून एखाद्या वेळी स्वतःच्या शेतातली वांगी, बोरे, आंबे घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यासाठी मात्र पंचायतीने वीस-पंचवीस पाले ठेवावीत आणि ती बाजाराच्या दिवशी पावती दाखवून घेता यावीत. ती सांभाळण्याचे काम गावातल्या एखाद्या महिला बचत गटाला द्यावे. कापड शिवणे, सुतळी बदलणे, बांबू भिजवणे ही कामे त्यांच्या हातची आहेत. पैशाचा प्रश्न येईल तेव्हा वित्त आयोगाच्या निधीतील अबंधित वाटा आणि स्वतः बाजाराचे उत्पन्न ह्या दोन्हींकडे पाहावे. पत्र्याची आणखी एक शेड बांधण्याचा प्रस्ताव ज्या पंचायतीपुढे आहे तिने त्या अंदाजपत्रकाशेजारी कड्यांचे आणि पालांचे अंदाजपत्रक आपल्या तालुक्याच्या दराने मांडून पाहावे, एवढीच माझी विनंती आहे. आहेत त्या शेड पाडायला मी सांगत नाही. त्यांच्या पश्चिमेच्या खांबांना कनात अडकवण्यासाठी वर-खाली हूक बसवले तरी रिकामे पडलेले बारा फूट परत मिळतील, आणि हे काम गावातला वेल्डर एका दिवसात करतो.

कड्यांची आखणी, पायांचे माप, भोकांचे अंतर, काठीची लांबी आणि कापडाची शिवण ह्यांचे नकाशे आम्ही मराठीत, इंच-फुटांत काढलेले आहेत, कारण गावातला वेल्डर आणि शिंपी त्याच मापात काम करतात. ज्या ग्रामपंचायतीला किंवा नगरपरिषदेला ते हवे असतील तिला ते विनामूल्य मिळतील आणि त्यांत बदल करण्याची पूर्ण मोकळीक आहे. पहिल्या दहा जागांची आखणी करताना मी आणि माझे विद्यार्थी स्वतः येऊ. कड्यांचे काँक्रीट फेब्रुवारीत घातले तर मार्चच्या बाजारांपर्यंत ते पुरते पक्के होते, म्हणून दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत हा विषय यावा. त्याआधी एका बाजाराच्या दिवशी, दुपारी चार वाजता, आपण आपल्या बाजारात ओळीच्या पश्चिमेच्या टोकाला बसलेल्या बाईशेजारी अर्धा तास बसावे, आणि तिची छत्री कुठे आहे व सावली कुठे आहे हे पाहून मगच माझ्या ह्या पत्राचा विचार करावा.

आपली नम्र,
एका भाजीविक्रेतीची मुलगी आणि तंत्रनिकेतनातील अध्यापिका